तिकिटावरचे नाव आणि विमानाचा धनी

सणसवाडीहून नगर रस्त्याने पुण्यास निघाले म्हणजे कोरेगाव भीमा, लोणीकंद, वाघोली ही गावे मागे टाकीत आपण येरवड्यास पोचतो. येरवडा म्हटले की तुरुंग आठवतो. परंतु नव्वदएक वर्षांपूर्वी त्याच तुरुंगाच्या सावलीतल्या एका माळावर पावसाळ्याच्या दिवसांत विमाने उतरत असत, हे फार थोड्यांच्या कानावर आले असेल. ती विमाने टाटांची. त्यांचा नेहमीचा तळ मुंबईस जुहूला होता. पण तळ कसला, समुद्रकाठचे चिखलाचे मैदान ते! पाऊस लागला की पाण्याखाली जायचे. मग दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन कारागीर असा सगळा संसार उचलून मंडळी पुण्याचा रस्ता धरीत आणि पाऊस ओसरला की परत जुहूस जात.

या लहानशा संसाराचे काम काय होते, ते आजच्या विषयासाठी नीट पाहण्याजोगे आहे. लंडनहून निघालेले टपाल इंपीरिअल एअरवेज नावाची ब्रिटिश कंपनी आपल्या विमानांतून कराचीपर्यंत आणीत असे. कराचीस तिचे काम संपे. पुढे मुंबई आणि मद्रासकडे ते टपाल न्यायचे कुणी? ते टाटांनी पत्करले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका इंजिनाचे छोटे विमान स्वतः चालवीत कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूस आले. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले होते म्हणतात. मुंबईपासून पुढे बेळ्ळारीवरून मद्रासपर्यंतचा टप्पा नेव्हिल व्हिंटसेंट या त्यांच्या सहकाऱ्याने केला.

म्हणजे पाहा, जी कंपनी पुढे एअर इंडिया या नावाने जगभर गाजली, ती जन्मली दुसऱ्या एका मोठ्या कंपनीच्या मार्गाला जोडलेली शाखा म्हणून. अशा शाखेला पूरक विमानसेवा म्हणतात. मोठ्या विमानतळावर मोठी विमाने ये-जा करतात. आसपासच्या लहान गावांतून उतारू गोळा करून त्यांना तेथवर आणून सोडायचे, आणि तेथून आलेल्यांना गावोगाव पोचवायचे, हे या सेवेचे काम.

शेतकरी बंधूंना हा प्रकार नवा नाही. आपल्याकडे दूध गावच्या डेअरीवर जमते, तेथून शीतकेंद्रावर जाते आणि शेवटी पुण्याच्या गिऱ्हाइकाच्या हाती पडते ते पिशवीवर ‘कात्रज’ हे नाव घेऊन. गाय कुणाची, डेअरी कुठली, टँकर कुणाचा, याची चौकशी गिऱ्हाईक करीत नाही. नाव ओळखीचे आहे, तेवढे त्याला पुरे असते. मात्र एखाद्या दिवशी दूध नासले तर तो पिशवीवरचे नाव वाचून तिथेच तक्रार घेऊन जातो, आणि जाणे बरोबरही आहे. विमानाच्या बाबतीत हेच सरळ राहत नाही.

जुन्या काळी आगगाड्यांची तऱ्हा निराळी होती. कुर्डुवाडीहून बार्शीस जाणारी बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. तिचे रूळ अडीच फुटांचे, कंपनी स्वतंत्र, नावही स्वतंत्र. मुंबईहून ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या मोठ्या गाडीने आलेला वारकरी पंढरपूरला जायचे तर वळकटी काखेत मारून खाली उतरे आणि छोट्या गाडीत चढे. आपण एका धन्याची गाडी सोडून दुसऱ्या धन्याच्या गाडीत बसलो, हे त्याला डोळ्यांनी दिसत होते. १९५४ साली सरकारने ती कंपनी विकत घेतली तोवर हे असेच चालले.

विमानांत मात्र लहान कंपनीने आपले नाव झाकून मोठीचे नाव लावण्याची रीत पडली. ही रीत आली अमेरिकेतून. अलेघेनी एअरलाइन्स ही तिकडची एक बरीच मोठी कंपनी. हेगर्सटाउन नावाच्या लहान गावाची तिची फेरी तोट्यात चालली होती. बंद करावी तर गावकरी ओरडणार, चालू ठेवावी तर पैसा जाणार. १९६७ साली तिने तोड काढली. हेन्सन नावाच्या स्थानिक उड्डाण कंपनीला तिने सांगितले, विमाने तुझी, वैमानिक तुझे, खर्चही तुझा. फक्त विमानावर नाव माझे रंगव, तिकीट माझे विक आणि उतारू माझ्या मोठ्या विमानांना आणून दे. हेन्सनची विमाने पंधराएक आसनांची. ती भरू लागली. पाहता पाहता बाकीच्या मोठ्या कंपन्यांनी हाच धडा गिरवला.

आपल्या एसटीच्या काही शिवशाही गाड्या अशाच धाटणीच्या होत्या. २०१७ साली शिवशाही सुरू झाली तेव्हा त्यांतल्या काही एसटीच्या स्वतःच्या होत्या आणि काही खाजगी मालकांकडून भाड्याने घेतलेल्या होत्या. भाड्याच्या गाडीत चालक मालकाचा, वाहक एसटीचा आणि बाहेर नाव शिवशाही. उतारूला दोन्ही गाड्या सारख्याच दिसत.

आता आपल्या देशातली हकीकत सांगतो. १९५३ साली सरकारने विमानवाहतूक आपल्या हाती घेतली. परदेशच्या मार्गांसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल आणि देशातल्या मार्गांसाठी इंडियन एअरलाइन्स अशी दोन महामंडळे झाली. देशातल्या आठ कंपन्या दुसऱ्या महामंडळात विलीन झाल्या. पुढे जेट विमाने आली, त्यांना लांब धावपट्ट्या लागू लागल्या आणि लहान गावे हळूहळू नकाशावरून गळू लागली. तेव्हा जानेवारी १९८१ मध्ये या दोन सरकारी कंपन्यांनी निम्मे-निम्मे भांडवल घालून तिसरी कंपनी उभारली. तिचे नाव वायुदूत. आधी ईशान्येकडच्या डोंगराळ राज्यांसाठी म्हणून ती निघाली, नंतर देशभर पसरली.

वायुदूतची डॉर्निअर जातीची विमाने एकोणीसएक आसनांची होती. आखूड धावपट्टीवर उतरणारे, दोन पंख्यांचे हे विमान पुढे कानपूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बांधले जाऊ लागले. ज्या गावाला रेल्वेची मोठी लाइनसुद्धा नाही त्या गावाच्या माळावर विमान उतरू लागले, ही त्या काळी अपूर्वाईच होती. परंतु वायुदूतकडे मागण्यांची रांग लागली. ज्या त्या भागातल्या पुढाऱ्याला आपल्या गावी विमान हवे. विमाने थोडी, गावे फार. सुटे भाग वेळेवर मिळेनात, फेऱ्या रद्द होऊ लागल्या, तोटा वाढत गेला.

आणि अपघातही झाले. त्यातला एक आपल्या अगदी जवळचा आहे. १९८९ सालच्या सप्टेंबर महिन्यात पुण्याहून हैदराबादेस निघालेले वायुदूतचे डॉर्निअर उजनी धरणाच्या जलाशयात कोसळले. त्यातले कुणीही वाचले नाही. उजनीच्या फुगवट्याचे पाणी आपल्या दौंड तालुक्यापर्यंत येते, हे इकडच्या श्रोत्यांना सांगायला नको. १९९३ साली वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्यात आली.

वायुदूतने एक गोष्ट मात्र सरळ ठेवली होती. तिचे नाव तिचेच होते. तिच्यानंतर जी आली तिचे तसे नाही.

१९९६ साली इंडियन एअरलाइन्सने अलायन्स एअर नावाची पोटकंपनी काढली. तोवर खाजगी विमान कंपन्यांना मोकळीक मिळाली होती आणि त्या सरकारी कंपनीचे वैमानिक जादा पगार देऊन पळवीत होत्या. जुनी बोइंग विमाने उभी होती, ती चालवायला माणसे कमी. मग ती विमाने या नव्या कंपनीकडे दिली आणि करारावर माणसे नेमली. १७ जुलै २००० रोजी तिचे एक बोइंग पाटण्यास उतरताना वस्तीवर कोसळले. विमानातली ५५ आणि जमिनीवरची ५ माणसे दगावली. विमान वीस वर्षांचे होते, म्हणून लोकांनी जुन्या विमानाला दोष दिला. चौकशीत कारण निघाले ते वेगळे: वैमानिकांनी उतरण्याची ठरलेली पद्धत पाळली नव्हती, वेग घटला आणि विमान हवेत तोल हरवून बसले.

२००७ साली इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया एकत्र झाल्या. तेव्हा अलायन्स एअर ही एअर इंडियाची पोटकंपनी झाली आणि तिच्या विमानांवर ‘एअर इंडिया रीजनल’ असे नाव आले. तिकीट एअर इंडियाच्या खिडकीवर मिळे. सामानावरची चिठ्ठी एअर इंडियाची, विमानाचा रंग एअर इंडियाचा. पण वैमानिक, कारागीर आणि विमाने चालवण्याचा परवाना अलायन्सचा. २०१७ साली तिने आपले जुने नाव पुन्हा लावले, तिकिटे मात्र एअर इंडियाच्याच क्रमांकाने विकली जात राहिली.

मोठ्या कंपनीला हा व्याप का हवा असतो? आणि लहानीला दुसऱ्याचे नाव लावून घ्यायची हौस का? यात हिशेब आहे, आणि तो शिक्षकांनी वर्गात फळ्यावर मांडण्याजोगा आहे. अलायन्स एअर जे एटीआर ७२ जातीचे विमान वापरते त्यात सत्तर आसने असतात. मोठ्या जेट विमानात एकशेऐंशी. दोन्हींत वैमानिक दोनच लागतात. म्हणजे वैमानिकांचा पगार एकीकडे सत्तर तिकिटांवर वाटायचा आणि दुसरीकडे एकशेऐंशींवर. अर्धी रिकामी एसटी आणि टपापर्यंत भरलेली एसटी यांत डिझेल आणि चालक-वाहक तेवढेच लागतात, तसाच हा प्रकार. मग लहान विमान परवडते कसे? तर जेटला उंच चढून लांब पल्ला गाठावा तेव्हा इंधनाची काटकसर साधते. मुंबई ते सिंधुदुर्ग अशा तासाभराच्या फेरीत ते चढते न चढते तोच उतरायची वेळ येते. पंख्याचे विमान सावकाश जाते, खालून जाते, पण थोड्या अंतरात इंधन कमी खाते आणि त्याला धावपट्टी आखूड चालते. शिवाय ऐंशीहून कमी आसनांच्या विमानांना आपल्याकडे सरकारी विमानतळांवर उतरण्याचे शुल्क माफ असते. या जातीची विमाने बरोबर सत्तर-बहात्तर आसनांचीच का दिसतात, याचे अर्धे उत्तर इथे सापडेल.

इतके करूनही लहान गावच्या फेरीत नुसत्या त्या फेरीच्या भाड्यावर नफा निघणे कठीण. खरा फायदा पुढच्या प्रवासाचा असतो. समजा कोल्हापूरचा एक कारखानदार हैदराबादला विमान बदलून दुबईस चालला आहे. कोल्हापूर-हैदराबाद या तुकड्याचे भाडे किरकोळ. पण तो दुबईचे तिकीट आपल्याकडेच घेतो यात मोठ्या कंपनीला रस. आणि उतारूचा फायदा याहून मोठा. सबंध प्रवासाचे एकच तिकीट असले की सामान कोल्हापुरात दिले ते मुक्कामी मिळावे अशी सोय होते. पहिले विमान उशिरा आले आणि दुसरे चुकले, तर पुढच्या विमानात बसवून देणे हे तिकीट देणाऱ्याचे काम. दोन वेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटे असली तर दुसरी कंपनी म्हणणार, आपण वेळेवर आला नाहीत, तिकीट गेले. बरं का, ही गोष्ट अनेकांना विमानतळावर पोचल्यावर कळते.

सणसवाडीच्या कारखान्यांतून मराठवाड्यातली आणि विदर्भातली पुष्कळ मुले कामाला आहेत. माझा एक जुना विद्यार्थी त्यांपैकीच. गावी वडील आजारी पडले म्हणून त्याने एका दलालाकडून विमानाचे तिकीट काढले. तिकिटावर एका कंपनीचे नाव, चालवणारी दुसरी. आदल्या रात्री फेरी रद्द झाल्याचा निरोप आला. पैसे परत मागायला तो ज्या कंपनीचे नाव होते तिच्याकडे गेला. तिने सांगितले, विमान आमचे नव्हते. चालवणाऱ्या कंपनीकडे गेला. तिने सांगितले, तिकीट आम्ही विकलेले नाही. दोघींनी मिळून त्याला दलालाकडे पाठवले, आणि दलाल म्हणाला, कंपनीकडून पैसे आले की देतो. “सर, मी तिकीट काढलं तरी कुणाचं?” असे तो मला विचारत होता. अखेर तो एसटीने गावी गेला. कंपन्यांची नावे मी घेत नाही. पण त्याचा प्रश्न मात्र घेतो, कारण त्याला उत्तर आहे.

विमानवाहतूक महासंचालनालयाचा नियम असा आहे की तिकीट दलालामार्फत काढले असले तरी पैसे परत करण्याची जबाबदारी विमान कंपनीची, कारण दलाल हा तिचाच नेमलेला प्रतिनिधी. फेरी कंपनीने रद्द केली तर दुसऱ्या विमानाची सोय किंवा पैसे परत, यांपैकी निवड करण्याचा हक्क उतारूचा. तक्रार कंपनीने ऐकली नाही तर केंद्र सरकारच्या ‘एअरसेवा’ या व्यवस्थेकडे मोबाइलवरूनही नोंदवता येते. परदेशच्या प्रवासासाठी तर याहून स्पष्ट कायदा आहे. १९९९ साली माँट्रियल येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात भारत २००९ साली सामील झाला. त्या करारात दोन शब्द आहेत, करार करणारा वाहक आणि प्रत्यक्ष नेणारा वाहक. ज्याने तिकीट दिले तो पहिला, ज्याने विमान चालवले तो दुसरा. ज्या टप्प्यात दुसऱ्याचे विमान होते त्या टप्प्यातल्या नुकसानीसाठी उतारूने दोघांपैकी कुणावरही दावा लावावा, किंवा दोघांवर मिळून लावावा. तू-तू मी-मी त्यांनी आपसांत करावी.

हा प्रश्न पैशापुरताच असता तर मी त्यावर एवढा वेळ घेतला नसता. अमेरिकेत १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री बफेलो शहराजवळ एक विमान घरावर कोसळले आणि ५० माणसे गेली. तिकिटांवर आणि विमानावर नाव होते काँटिनेंटल या नामांकित कंपनीचे. चालवणारी कंपनी होती कोल्गन एअर. तिचे नाव उतारूंपैकी कितीकांनी ऐकले असेल देव जाणे. विमानाचा वेग घटल्याची सूचना मिळताच वैमानिकाने जे करायचे त्याच्या उलट केले, असे चौकशीत निघाले. पण चौकशीने आणखी पुष्कळ गोष्टी उजेडात आणल्या. सहवैमानिक मुलगी रात्रभर देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकास प्रवास करून कामावर हजर झाली होती. तिचा पगार इतका थोडा होता की ऐकणाऱ्यांना नवल वाटले. मोठ्या कंपनीचे वैमानिक आणि तिचे नाव लावून उडणारे लहान कंपनीचे वैमानिक यांच्या शिक्षणात, अनुभवात आणि मेहनतान्यात किती अंतर असते, हे लोकांना तेव्हा समजले.

मृतांच्या नातेवाइकांनी वर्ष-दीड वर्ष सरकारचा पिच्छा पुरवला आणि २०१० साली तिथे कायदा झाला. तिकीट विकणाऱ्याने प्रत्यक्ष विमान कोणती कंपनी चालवणार ते गिऱ्हाइकाला आधीच आणि ठळकपणे सांगितले पाहिजे, असे त्यात आले. सहवैमानिकासाठीही उड्डाणाच्या अनुभवाची अट पुढे १५०० तासांपर्यंत वाढली. त्यावर वाद आहेत. वैमानिकांचा तुटवडा पडतो आणि लहान गावच्या फेऱ्या बंद होतात, असे कंपन्या म्हणतात. मला त्यांचे म्हणणे फारसे पटत नाही. पगार बरा दिला तर माणसे मिळतात, हे आपल्याकडे ऊसतोडीच्या मुकादमालाही ठाऊक आहे.

आता पुन्हा महाराष्ट्रात येऊ. २०१६ साली केंद्र सरकारने ‘उडान’ योजना आणली. तिचे सूत्र असे: लहान गावच्या फेरीत निम्म्या आसनांचे भाडे बांधून द्यायचे, तासाभराच्या प्रवासास सुमारे २५०० रुपये, त्यामुळे कंपनीस येणारी तूट सरकारने तीन वर्षे भरून द्यायची. पैसा कुठून? मोठ्या शहरांमधल्या फेऱ्यांवर आकारणी बसवून. राज्य सरकारनेही आपला वाटा उचलायचा. या योजनेतले पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी शिमल्याहून दिल्लीस उडाले, ते अलायन्स एअरचे. त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद फेरीही सुरू झाली. ती ट्रूजेट नावाच्या खाजगी कंपनीची. डिसेंबर २०१७ मध्ये जळगावला एअर डेक्कनचे एकोणीस आसनी विमान आले. जळगावच्या फेऱ्या थोड्याच काळात थांबल्या. ट्रूजेट २०२२ साली बंद पडली.

या लहान कंपन्यांना मागे उभे राहणारे मोठे नाव नव्हते. विमान नादुरुस्त झाले तर बदली विमान नाही, वैमानिक सोडून गेला तर दुसरा नाही. अलायन्स एअरची गोष्ट याहून बरी होती. डिसेंबर २०१८ मध्ये तिने कोल्हापूरला हैदराबाद आणि बंगळूरशी जोडले. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचे उद्घाटन झाले, तेव्हा मुंबईहून पहिले विमान गेले तेही तिचेच. मुंबईच्या गिरण्यांत आयुष्य काढलेल्या कोकणी माणसाच्या नातवंडांनी गणपतीला विमानाने जावे, हे मला तरी चांगले वाटले.

परंतु चिपीचे उद्घाटन झाले त्याच्या आदल्याच दिवशी, ८ ऑक्टोबर २०२१ रोजी, दिल्लीत एक मोठा निर्णय जाहीर झाला होता. एअर इंडिया टाटांना विकली गेली होती. सौदा १८,००० कोटींचा. २७ जानेवारी २०२२ रोजी कंपनी टाटांच्या स्वाधीन झाली. जुहूच्या चिखलातून निघालेले नाव जवळजवळ सत्तर वर्षांनी मूळ घरी परतले, म्हणून वर्तमानपत्रांनी मथळे सजवले. त्या गडबडीत वाटणीपत्राच्या शेवटच्या ओळी कुणी फारशा वाचल्या नाहीत. थोरल्या कंपनीबरोबर एअर इंडिया एक्स्प्रेस ही स्वस्त भाड्याची पोटकंपनी टाटांकडे गेली. अलायन्स एअर गेली नाही. ती सरकारकडेच राहिली, एअर इंडियाची उरलेली मालमत्ता सांभाळण्यासाठी काढलेल्या कंपनीच्या पदराखाली. आपल्याकडे वाटण्या होतात तेव्हा बागायत थोरल्याच्या नावावर चढते आणि बांधालगतची खडकाळ पट्टी धाकट्याच्या वाट्यास येते. त्यातलीच ही गत.

१५ एप्रिल २०२२ पासून एअर इंडियाने अलायन्सची तिकिटे विकणे बंद केले. त्यापूर्वी ज्यांनी तिकिटे काढली होती त्यांना कळवण्यात आले की ज्या तिकिटावरचा फेरीचा क्रमांक नऊने सुरू होणारा चार आकडी आहे, किंवा ज्यावर ‘नाइन-आय’ ही खूण आहे, त्या फेरीबाबत आता एअर इंडियाकडे विचारू नये, अलायन्सकडे विचारावे. विमान तेच, वैमानिक तेच, धावपट्टी तीच. फक्त नाव उतरले. पण नावाबरोबर जगभरच्या तिकीट खिडक्या गेल्या, ओळख गेली आणि दिल्ली-मुंबईहून पुढे जाणाऱ्या उतारूला एकच तिकीट देण्याची सोपी वाट गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये चिपीच्या मार्गाची उडान योजनेतली तीन वर्षांची मुदत भरली आणि अलायन्सची मुंबई फेरी थांबली.

माझ्या मते चूक विक्रीत नव्हती. तोट्यातली कंपनी विकावी की न विकावी, यावर दोन मते असू शकतात. पण थोरल्या कंपनीचा सौदा करताना तिच्या नावावर जगणाऱ्या धाकटीच्या उतारूंचे पुढे काय, याचा करार त्याच कागदात व्हायला हवा होता. आणखी दहा वर्षे एक तिकीट, एक सामान-चिठ्ठी एवढी अट घातली असती तरी कोल्हापूर-सिंधुदुर्गाचे बरेच काम झाले असते.

अलायन्स एअर आज स्वतःच्या नावाने उडते. १२ एप्रिल २०२२ रोजी तिने आसामातल्या दिब्रुगडहून अरुणाचलातल्या पासीघाटला कानपूरला बांधलेले सतरा आसनी डॉर्निअर नेले. वायुदूतच्या त्या जुन्या विमानाचेच हे नवे भावंड. विदर्भात १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मुंबईहून पहिली नियमित फेरी आली, तीही तिच्याच एटीआरने.

आपल्यापैकी कुणी विमानाने जाणार असेल तर तिकीट हाती आल्यावर फेरीच्या क्रमांकाआधीची दोन चिन्हे वाचावीत. ती तिकीट विकणाऱ्या कंपनीची खूण असते. त्याखाली बारीक अक्षरांत विमान कोण चालवणार ते लिहिलेले असते. मोबाइलवर तिकीट काढताना ती ओळ पुष्कळदा बोट लावून उघडावी लागते. दोन्ही नावे एकच असली तर प्रश्न नाही. निराळी असली तर दोन्ही टिपून ठेवावीत. पुढे दुसरे विमान धरायचे असेल तर दोन्ही प्रवास एकाच तिकिटात आहेत की वेगळ्या, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे, आणि वेगळे असले तर मध्ये चांगला चार-पाच तासांचा अवकाश ठेवावा. दलालाने दिलेली पावती फेकू नये. त्यावर आरक्षणाचा सहा अक्षरांचा संकेतांक असतो, आणि फेरी रद्द झाली तर दोन्ही कंपन्यांच्या दारात पहिल्यांदा विचारतात तो तोच.